मातीतील चिवट प्रदूषके: सॉक्सलेटपासून स्वयंचलित निष्कर्षणापर्यंत

२९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक क्षेत्रातल्या इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोलची मोठी गळती झाली. तासाभरात पेट्रोलच्या वाफेचा ढग आवारभर पसरला आणि साडेसातच्या सुमारास त्याचा स्फोट झाला. ११ माणसे गेली. पेट्रोल, डिझेल आणि रॉकेलच्या टाक्या पुढे दहा-अकरा दिवस जळत होत्या आणि काळा धूर शहरातून दिसत होता.

त्या परिसरातल्या शेताची किंवा मैदानाची माती आज तपासायला तुमच्या हातात दिली, तर तुम्ही त्यात काय शोधाल? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक जण "पेट्रोल" म्हणतात. पेट्रोल उडून गेले. त्यातली बेंझीन, टोल्युइनसारखी हलकी संयुगे जयपूरच्या उन्हात वरच्या मातीत टिकत नाहीत. आणि ती शोधायची झाली तरी त्यांची पद्धत निराळी असते, आजच्या पाठात ती येत नाही. मागे राहते ती काजळी. अर्धवट जळणातून पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, थोडक्यात पीएएच, तयार होतात आणि काजळीच्या कणांना घट्ट चिकटून जमिनीवर उतरतात. दोन कड्यांचे नॅफ्थॅलीन लवकर नाहीसे होते. पाच कड्यांचे बेंझो(ए)पायरीन, जे कर्करोगकारक म्हणून ओळखले जाते, वर्षानुवर्षे राहू शकते.

चिवट रसायनांच्या यादीत डीडीटी, एचसीएच, पीसीबी, डायॉक्सिन हीही मंडळी आहेत. यांच्यावरचा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला, २००४ मध्ये लागू झाला आणि भारताने त्याला जानेवारी २००६ मध्ये मान्यता दिली. पीएएच त्या करारात नाहीत, पण प्रयोगशाळेत त्यांना मातीतून काढण्याची रीत जवळपास तीच आहे, म्हणून आपण ती एकत्रच शिकतो. डीडीटीची शेतीतली फवारणी भारतात १९८९ मध्ये बंद झाली, हिवतापासाठीची चालू राहिली. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीच्या कारखान्यातही ते बनवले जात असे. डीडीटीचे मातीतले अर्धायुष्य २ ते १५ वर्षे इतके सांगितले जाते, म्हणजे आजोबांनी मारलेल्या औषधाचा हिशोब नातवाच्या शेतात लागू शकतो.

आकडा कुठे ठरतो

विद्यार्थ्यांचे सगळे लक्ष गॅस क्रोमॅटोग्राफवर असते, कारण ते यंत्र महाग आहे आणि पडद्यावर सुंदर शिखरे काढते. पण त्या यंत्रात माती जात नाही. जातो तो एक मायक्रोलीटर द्राव. मातीतले रसायन त्या द्रावात आलेच नसेल, तर जगातला कुठलाही डिटेक्टर ते दाखवू शकणार नाही आणि अहवालात "आढळले नाही" असे छापले जाईल. ते दोन शब्द वाचून कोणीतरी तिथे पालक लावेल किंवा मुलांसाठी मैदान करेल. आता जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियमही अधिसूचित केले आहेत. म्हणजे "ही जागा दूषित आहे का" याचे उत्तर यापुढे कागदावर द्यावे लागणार आहे, आणि ते उत्तर बरेचसे निष्कर्षणाच्या टप्प्यावरच ठरते.

निष्कर्षण म्हणजे योग्य द्रावक वापरून मातीच्या कणांना चिकटलेले रसायन सुटे करणे. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही (लीटरला काही मायक्रोग्रॅम), पण हेक्सेनमध्ये सहज विरघळते. मग नुसते हेक्सेन ओतले तर काम का होत नाही? कारण मातीचा कण ओलसर असतो, आणि पाण्याच्या थरातून हेक्सेन आत शिरत नाही. म्हणून त्यात ॲसिटोन मिसळतात. ॲसिटोनची पाण्याशीही मैत्री आणि हेक्सेनशीही. हेक्सेन-ॲसिटोन समभाग हे क्लोरीनयुक्त कीटकनाशकांसाठी नेहमीचे मिश्रण आहे. पीएएचसाठी डायक्लोरोमिथेन-ॲसिटोन वापरतात. काजळीला चिकटलेल्या पीएएचसाठी टोल्युइन जास्त प्रभावी ठरते, कारण त्याचे चपटे ॲरोमॅटिक रेणू काजळीच्या पृष्ठभागावर जागा पटकावतात आणि पीएएचना तिथून हुसकावतात. सीतापुऱ्यासारख्या आगीच्या जागेसाठी हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो परत येणार आहे.

जुना सॉक्सलेट आणि जयपूरचा मे महिना

फ्रांत्स फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये हे उपकरण दुधातल्या चरबीसाठी मांडले. खाली फ्लास्कमध्ये द्रावक उकळते, वाफ वर कंडेन्सरमध्ये थंड होते, थेंब थेंब थिंबलमधल्या मातीवर पडते, पातळी वाढली की सायफनने सगळे द्रावक खाली येते, आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक फेरीला मातीला ताजे, स्वच्छ द्रावक मिळते. सगळी खुबी त्यात आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची, म्हणजे ईपीएची, ३५४० सी ही पद्धत १० ग्रॅम मातीला सुमारे ३०० मिलिलीटर द्रावक आणि ताशी ४ ते ६ फेऱ्यांनी १६ ते २४ तास सांगते.

याचा हिशोब आपल्या प्रयोगशाळेत करून पाहा. वीस नमुने असतील तर सहा लीटर द्रावक, ते सगळे नंतर बाष्पीभवनाने आटवायचे. कंडेन्सरला मिनिटाला एक लीटर पाणी सोडले तर १८ तासांत १०८० लीटर. बीसलपूर धरणावरून पाइपने आणलेल्या पाण्यावर जगणाऱ्या शहरात हे पाणी मोरीत सोडताना लाज वाटते. आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी हात भाजेल इतके गरम असते. हेक्सेन-ॲसिटोनचे मिश्रण ५० अंशांच्या आसपास उकळते. ४० अंशांच्या पाण्याने ते कसे गोठावे, आय मीन, द्रवरूप व्हावे? आम्ही एकदा रात्रभर लावून गेलो आणि सकाळी फ्लास्क कोरडा, तळाशी तपकिरी पापुद्रा. तेव्हापासून बर्फाच्या बादलीत मासेपेटीचा पंप टाकून तेच पाणी फिरवतो. ज्यांच्याकडे चिलर आहे त्यांनी हसू नये.

तरीही सॉक्सलेटला नावे ठेवू नका. नवी पद्धत आली की तिची तुलना आजही याच्याशीच करतात.

यंत्राने नेमके काय बदलते

स्वयंचलित सॉक्सलेटमध्ये (ईपीए ३५४१) कल्पना साधी आहे. थिंबल आधी थेट उकळत्या द्रावकात बुडवायचे, साधारण एक तास. मग ते वर उचलून थेंबांखाली एक तास धुवायचे. मग त्याच यंत्रात द्रावक आटवून परत मिळवायचे. उकळत्या द्रावकात विरघळण्याचा वेग जास्त असल्याने १६ तासांचे काम दोन तासांत होते. एका वेळी सहा नमुने लागतात. आपल्याकडच्या कित्येक अन्नतपासणी प्रयोगशाळांत चरबी मोजायला असे यंत्र असतेच. महाविद्यालयाला नवे घ्यायचे असेल तर माझे मत याच यंत्राला. फक्त तेलकट खाद्यपदार्थांसाठी वापरलेले यंत्र तसेच मातीला लावू नका. आधी कोरे द्रावक फिरवून ब्लँक तपासा.

दाबाखालचे द्रावक निष्कर्षण (ईपीए ३५४५ ए) जास्त रंजक आहे. डायोनेक्स कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यावर याचे यंत्र बाजारात आणले. माती जाड स्टीलच्या नळकांड्यात, म्हणजे सेलमध्ये भरतात. यंत्र त्यात द्रावक भरते, सेल १०० अंशांपर्यंत तापवते आणि दाब १५०० ते २००० पीएसआय ठेवते. विद्यार्थी इथे हमखास चुकतात. "दाबाने रसायन पिळून निघते" असे उत्तरपत्रिकेत लिहितात. माती काही ऊस नाही. दाबाचे मुख्य काम एवढेच की १०० अंशांना ॲसिटोन (उत्कलनबिंदू ५६) आणि हेक्सेन (६९) द्रवच राहावेत. खरे काम तापमान करते: द्रावकाची स्निग्धता घटते, ते बारीक छिद्रांत शिरते, रेणूंचे विसरण वाढते आणि रसायन व मातीतले बंध सुटायला लागणारी ऊर्जा मिळते. दाबाचा थोडा हातभार असा की नुसत्या उकळण्याने जिथे द्रावक पोचत नाही, त्या छिद्रांतही ते ढकलले जाते.

क्रम असा: सुमारे पाच मिनिटे सेल तापवणे, पाच मिनिटे स्थिर ठेवणे, सेलच्या ६० टक्के आकारमानाइतके ताजे द्रावक ढकलणे, शेवटी नायट्रोजनने सगळे बाटलीत उडवणे. एका नमुन्याला १५ ते २० मिनिटे आणि साधारण ४० मिलिलीटर द्रावक. सेलच्या तोंडाशी गाळणी असल्याने द्राव गाळूनच येतो. शिवाय सेलच्या बाहेर पडण्याच्या बाजूला सिलिका किंवा फ्लोरिसिलचा थर भरला तर थोडी स्वच्छता तिथेच उरकते. चोवीस सेल लावून घरी जाता येते.

मायक्रोवेव्ह पद्धतीत (ईपीए ३५४६) बंद भांड्यात १०० ते ११५ अंशांना १० ते २० मिनिटे. मायक्रोवेव्ह ध्रुवीय रेणूंनाच तापवतात, शुद्ध हेक्सेन जवळजवळ थंडच राहते; इथेही ॲसिटोन कामाला येते. भांडी पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडायची नाहीत, आणि गाळणे हाताने.

आता वेग कोणाचा जास्त? जाहिरातीत एका नमुन्याचा वेळ छापतात. पण दाबाचे यंत्र नमुने एकामागून एक घेते, म्हणजे वीस नमुन्यांना पाच ते सात तास. मायक्रोवेव्ह सगळी भांडी एकदम तापवते. चार नमुने असतील तर पहिले बरे, चाळीस असतील तर दुसरे. आणि रात्री माणूस थांबू शकत नसेल तर पुन्हा पहिले. किंमत मात्र विसरू नका: काचेचा सॉक्सलेट काही हजारांत येतो, दाबाचे यंत्र लाखांत, आणि त्याचे ओ-रिंग, फिल्टर, उच्च शुद्धतेचा नायट्रोजन हा कायमचा खर्च.

यंत्राआधीचे हात

स्वयंचलित या शब्दाने फसू नका. यंत्र सुरू होण्यापूर्वीचे जवळजवळ सगळे काम हातानेच होते आणि चुका तिथेच होतात.

नमुना प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका. पिशवीतले थॅलेट द्रावकात उतरतात आणि क्रोमॅटोग्राममध्ये भलतीच शिखरे उभी राहतात. तपकिरी काचेची बाटली, टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण, आणि थंड पेटी. माती उन्हात किंवा ओव्हनमध्ये वाळवू नका, हलकी पीएएच उडून जातील. सावलीत पसरा, किंवा ओली असतानाच डायटोमेशियस अर्थमध्ये मिसळून ओल शोषून घ्या. सॉक्सलेटला निर्जल सोडियम सल्फेट चालते. दाबाच्या सेलमध्ये ते टाळा, कारण ओल धरून त्याचा खडा होतो आणि वाट अडते.

जयपूरची माती बहुतेक रेताड, सेंद्रिय कार्बन कमी. ती सेलमध्ये भरायला सोपी आणि द्रावकही सहज वाहते. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या काळ्या मातीचे तसे नाही. ती चिकण, तशीच भरली तर सेलमध्ये वीट तयार होते आणि द्रावक एखाद्या भेगेतूनच निसटते. जास्त डायटोमेशियस अर्थ घालून ती मोकळी, भुरभुरीत करावी लागते. इथे बसवलेली पद्धत तुम्ही लातूरला जशीच्या तशी नेली तर फसाल.

निष्कर्षणानंतर द्राव नायट्रोजनच्या झोताखाली आटवतात. तो कधीही पूर्ण कोरडा होऊ देऊ नका. कोरडा झाला की नॅफ्थॅलीन गेलेच. मातीत गंधक असेल तर इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टरवर त्याचा डोंगर येतो. तांब्याच्या स्वच्छ भुकटीने ते काढा.

सरोगेट: खोटे पकडणारा साक्षीदार

निष्कर्षणापूर्वी मातीत असे रसायन मोजून टाकतात, जे निसर्गात सापडत नाही पण वागते आपल्या प्रदूषकासारखेच. क्लोरीनयुक्त कीटकनाशकांसाठी टेट्राक्लोरो-मेटा-झायलीन आणि डेकाक्लोरोबायफिनाइल, पीएएचसाठी ड्युटेरियम लावलेले टर्फिनाइल. शेवटी ते किती परत मिळाले यावरून वाटेत किती सांडले ते कळते.

वर्गासाठी बनवलेले उदाहरण घेऊ. ओली माती १० ग्रॅम, ओल ८ टक्के, म्हणजे कोरडी माती ९.२ ग्रॅम. अंतिम द्राव ५ मिलिलीटर. यंत्राने डीडीई ६० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर दाखवले. एकूण ६० × ५ = ३०० नॅनोग्रॅम; भागिले ९.२ म्हणजे सुमारे ३२.६ नॅनोग्रॅम प्रति ग्रॅम कोरडी माती. सरोगेट २०० नॅनोग्रॅम टाकले होते, द्रावात ४० अपेक्षित, मिळाले २५, रिकव्हरी ६२.५ टक्के. आकडा छापा, सोबत रिकव्हरीही छापा, आणि प्रयोगशाळेने स्वतःची ठरवलेली मर्यादा पाळली आहे का ते पाहा.

दुसऱ्या नमुन्यात डीडीई शिखरच नाही, आणि सरोगेट ४० ऐवजी ९. रिकव्हरी २२.५ टक्के. याला काय लिहाल? आमच्याकडे एका विद्यार्थिनीने अगदी अशाच स्थितीत "आढळले नाही" लिहून वही माझ्यापुढे ठेवली. सेल उघडून पाहिला तर ओली माती एका बाजूला घट्ट बसलेली, द्रावक दुसऱ्या बाजूने निघून गेलेले. तीच माती नीट मोकळी करून पुन्हा लावली; डीडीई होते. ती काही निष्काळजी नव्हती. यंत्राने "काम पूर्ण" असा संदेश दिला होता, आणि तिने त्यावर विश्वास ठेवला.

आता कठीण भाग. सरोगेट ९५ टक्के मिळाले म्हणजे सगळे आले का? नाही. सरोगेट आपण आत्ता, दहा मिनिटांपूर्वी टाकले; ते कणांच्या पृष्ठभागावर बसले आहे. प्रदूषक तिथे दहा-पंधरा वर्षे आहे, सेंद्रिय पदार्थांच्या आणि काजळीच्या आतल्या छिद्रांत मुरलेले. मुरलेले लोणचे आणि आज फोडणी दिलेले लोणचे यांच्यात जितका फरक, तितका. म्हणून आगीच्या जागेवर चांगली रिकव्हरी दिसूनही पीएएच कमी मोजले जाऊ शकतात. सरोगेट वाटेतली गळती दाखवतो. मुळात न निघालेले दाखवत नाही.

यावर दोन उपाय आहेत. खऱ्या दूषित जागेवरून घेतलेली, आकडे ठरलेली प्रमाणित संदर्भ माती दर तुकडीत एक चालवायची. तिच्यातले रसायनही मुरलेलेच असते. ती महाग वाटत असेल तर दुसरा उपाय फुकट आहे: एकदा काढून झालेली तीच माती पुन्हा सेलमध्ये घालून टोल्युइनने, जास्त तापमानावर काढा. दुसऱ्या वेळी पहिल्याच्या एक-दोन टक्केच आले तर ठीक. वीस-पंचवीस टक्के आले तर तुमची मूळ पद्धत त्या मातीसाठी पुरेशी नाही, मग यंत्र कितीही नवे असो. अर्थात जोरदार द्रावकाने निघालेले सगळे पिकाच्या मुळाला किंवा गांडुळाला मिळते असे नाही. धोका ठरवताना तो वेगळा विचार करावा लागतो, आणि तो पुढच्या पाठात येईल.

आणखी एक, डीडीटीपुरते. डीडीटीचे मातीत हवेशीर स्थितीत डीडीई आणि हवा नसताना डीडीडी होते. म्हणून डीडीटीचा वाटा जास्त दिसला तर अलीकडची फवारणी, डीडीई जास्त तर जुनी, असा अंदाज बांधतात. पण गॅस क्रोमॅटोग्राफचे इनलेट मळलेले असेल तर डीडीटी तिथेच तुटते आणि ताजी फवारणी जुनी दिसू लागते. दर दिवशी आधी शुद्ध डीडीटी टोचून किती तुटते ते पाहा. १५ टक्क्यांच्या वर गेले तर लाइनर बदला, मगच नमुने लावा.

पुढच्या प्रात्यक्षिकासाठी

प्रत्येक गटाने एक नमुना आणायचा: रस्त्याकडेची, जुन्या गोदामामागची किंवा शेकोटीच्या जागेची वरच्या पाच सेंटीमीटरची माती, काचेच्या बरणीत, बरणी आधी ॲसिटोनने धुतलेली. जागा, तारीख आणि तिथे पूर्वी काय होते ते शेजाऱ्यांना विचारून लिहा. प्रयोगशाळेत आपण तिचे दोन भाग करू. एक काचेच्या सॉक्सलेटमध्ये रात्रभर, दुसरा स्वयंचलित यंत्रात दोन तास. दोन्हींत सारखेच सरोगेट, आणि दोन्हींसोबत एकेक ब्लँक. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर कुठला खरा, याचे उत्तर यंत्राची किंमत न पाहता, वहीतल्या रिकव्हरीवरून आणि दुसऱ्या निष्कर्षणावरून द्यायचे आहे. आणि बर्फ कोण आणणार ते आधी ठरवून या.